गाण्यात कानसेन असतात, मग हातकामात कोण असतं?

उलटीटीप (धागाकर्ती)

मंडळी, परवा कपाट आवरताना वरच्या खणात एक प्लास्टिकची पिशवी सापडली. आत पिवळी लोकर, दोन सुया आणि त्यातल्या एका सुईवर अडकलेला अर्धा पायमोजा. भाची होणार होती तेव्हा टाके घातले होते. भाची आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आमच्या घरात सगळ्यांच्या हाताला वळण. आजी वाकळ शिवायची, आई भरतकाम आणि क्रोशा करते, मावशीने अर्ध्या गावाची रुखवतं मांडली. मी मात्र कोरडी. मावशी म्हणायची, "हिची बोटं आहेत की भेंड्या?" तसं शाळेत एकदा नशीब फळफळलं होतं. सातवीला कार्यानुभवात टाक्यांचा रुमाल होता, त्याला दहापैकी नऊ मिळाले. आईने तो अजून जपून ठेवलाय. फोटो टाकते खाली, पुढचा आणि मागचा.

तर मुद्दा असा. मला करता येत नाही, पण बघायला प्रचंड आवडतं. रस्त्यात बुरूड सूप विणत बसलेला दिसला की माझी बस चुकते. आजीची वाकळ अजून माझ्या पलंगावर आहे. थंडीपेक्षा तिच्यावर बोट फिरवायला जास्त. कडेने सुरू झालेला धावदोरा फेरे घेत घेत मध्यावर येतो, आणि एका कोपऱ्याजवळ टाके एकदम लांब होतात. तिथे आजीला मोतीबिंदू झाला होता. पुढे दोन वितींवर ते परत बारीक होतात. ऑपरेशन झालं. हे मला कोणी सांगितलेलं नाही, हिशेब जुळवून मीच काढलंय.

हे कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढं आवडतं तर शिकत का नाहीस?" आता गाणं आवडतं म्हणणाऱ्याला कोणी "मग गाऊन दाखव" म्हणतं का? तिथे तानसेन नाही तर कानसेन व्हा म्हणतात. मान असतो कानसेनाला, पहिल्या रांगेत बसवतात. हातकामात मात्र नुसतं बघणारा म्हणजे आळशी.

तुमच्यात आहे का कोणी असं? काय बघत बसता?

(फोटो १: रुमाल, समोरून. फोटो २: रुमाल, मागून.)

बाभूळबन

+१. वाचनखूण साठवली आहे.

तळेगावलोकल

माझा प्रकार याहून वाईट आहे. मी सामान घेते. क्विलिंगच्या पट्ट्या, कांथ्यासाठी दोरे, मातीकामाची हत्यारं, लाकडी फ्रेम चार आकारांत. सामान घेतलं की कला आल्यासारखंच वाटतं, आणि मग इच्छा निवते. नवरा त्या कपाटाला "स्मारक" म्हणतो.

डोळसेन

शब्द सुचवतो: डोळसेन. आयडी आजच बदलून घेतलाय, प्रताधिकार माझा.

खरडपट्टी

हे असले धागे वाचले की गंमत वाटते. मशीनवर तीच वस्तू निम्म्या किमतीत आणि जास्त सफाईने मिळते. हाताने केलं म्हणून वाकडं असलं तरी वाहवा करायची, हा भरल्या पोटाचा चाळा आहे. दिवा घ्यालच (म्हणजे हलकेच घ्या).

मुकाखांब

खरडपट्टी, दिवा घेतला, पण वात मी लावते.

मी क्रोशा करते आणि विकते. आयडी तिथलाच आहे. मुका खांब म्हणजे क्रोशातला सगळ्यात बुटका खांब. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब अशी चढती भाजणी. तर तुमच्या माहितीसाठी, क्रोशाचं मशीन नाही. विणकामाचं आहे, लेसचं आहे, भरतकामाचं आहे. क्रोशात प्रत्येक टाका आकडीने आधीच्या टाक्यात घुसून ओढून काढावा लागतो, आणि कुठे घुसायचं ते दर वेळी बदलतं. मशीनवर होतं ते क्रोशासारखं दिसणारं विणकाम. म्हणजे मॉलमध्ये तीनशे रुपयांना खऱ्या क्रोशाचा टॉप लटकलेला दिसला, तर तो कुठेतरी कोणीतरी हातानेच केलेला आहे. निम्म्या किमतीत मशीन बसत नाही हो तिथे, दुसरी बाई बसते.

आता धागाकर्तीशी थोडं भांडते. तुमच्यासारखे बघणारे माझ्या टेबलापाशी दिवसभर येतात. "अय्या, किती सुंदर!" वस्तू उचलतात, उलटी करतात, फोटो काढतात. मग मैत्रिणीला म्हणतात, "सोपं असतं गं, आपण घरी करू." दोघींपैकी एकीनेही करायचं नसतं, हे मला त्यांच्या नखांवरून कळतं. एका प्रदर्शनात एक बाई पाऊण तास उभी होती. शेवटी विचारलं, "यात लोकर किती रुपयांची गेली?" मी म्हटलं, नव्वद. तर म्हणाली, "मग साडेसहाशे कसे?"

कौतुकाला माझी ना नाही. पण कौतुकाने दळण येत नाही.

उलटीटीप (धागाकर्ती)

मुकाखांब, लागलं. बरोबरच आहे. मी घासाघीस करत नाही एवढंच छातीठोकपणे सांगू शकते, पण "सुंदर आहे" म्हणून पुढे सरकणं माझ्याकडूनही झालंय. पगाराच्या मानाने डोळे मोठे.

येवल्याचाजावई

लेखिकेने विचारलंय काय बघत बसता, तर सांगतो. जरा लांबेल.

सासुरवाडी येवला, म्हणजे नाशिक जिल्हा. लग्न ठरलं तेव्हा पैठणी खरेदीला गेलो आणि बायका दुकानात बसल्या असताना मला कंटाळा आला, म्हणून मामेसासऱ्यांनी शेजारच्या गल्लीत एका विणकरांकडे नेलं. घरातच माग. खड्ड्यात पाय सोडून बसलेले. समोर रेशमाचा ताणा, आणि त्याच्यावर वीस-पंचवीस छोट्या छोट्या तिल्ल्या रंगीत रेशीम गुंडाळून आडव्या पडलेल्या. मला वाटलं होतं की मोर छापल्यासारखा एकदम येत असेल. कसला! मोराची मान चालू होती. निळी तिल्ली सात धाग्यांखालून काढली, शेजारच्या हिरव्याच्या गळ्यात गळा घातला, परत फिरवली. मग हिरवी पाच धागे. मग जरीची. अशी सगळी रुंदी एकेका रंगाने ओलांडायची, तेव्हा एक ओळ. मग फणी ओढून ठोकायची. ती ओळ केसाएवढी.

मी दोन तास बसलो. मान अर्धा बोटभर वर आली.

मधे एक गोष्ट झाली. ते थांबले, मान तिरकी करून बघितलं, आणि शेवटच्या तीन ओळी उसवल्या. मला काही चूक दिसेना. विचारलं तर म्हणाले, एक धागा कमी धरला होता. मी म्हटलं, कोणाला दिसणार? त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून पदराला फट पडत नाही आणि मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. पैठणी घेताना पदर उलटा करून बघा, एवढं तरी तिथे शिकलो. मागे सुट्या धाग्यांचं जंजाळ लोंबत असेल तर तो हा प्रकार नव्हे. आता बायकोच्या माहेरचे सगळे खरेदीला जाताना मला बरोबर नेतात. आयुष्यात एक सुई ओवलेली नाही, पण दुकानदार मला बघून दुसरा गठ्ठा काढतो.

डोळसेन

येवल्याचे जावई, यालाच म्हणतात पहिल्या रांगेचं तिकीट.

रानजाई

पुरुष बघत बसला तर रसिक, बाई बघत बसली तर "शिकत का नाहीस". धागाकर्तीला जो प्रश्न विचारतात तो जावईबापूंना आजवर कोणी विचारला का?

येवल्याचाजावई

नाही विचारला. खरं आहे.

रानजाई

थँक्यू. माझी आई बँकेत अधिकारी होती, तरी दर हिवाळ्यात "स्वेटर घरचा ना?" हा प्रश्न तिलाच. बिचारी बाजारातून आणायची, लेबल कापायची आणि हो म्हणायची.

कसब्यातला

आमचं लहानपण पुण्यात तांबट आळीच्या मागे गेलं. सकाळी गजर लागायचा नाही, ठोके लागायचे. पेशवाईत कोकणातून आलेली ही मंडळी. हंडे, घंगाळी, बंब, तपेली.

बघायला तर मजा यायचीच, पण मी सांगतो ते ऐकण्याबद्दल. तांबं ठोकून ठोकून ताठरतं. मऊ असतं तेव्हा ठोका बसका येतो, ठोकत गेलं की आवाज चढत जातो. एका ठरावीक आवाजाला कारागीर थांबतो आणि भांडं भट्टीत घालतो. तापलं की परत मऊ, परत बसका आवाज. आम्ही पोरं गच्चीत अभ्यासाला बसायचो आणि पैज लावायचो, आता थांबणार. आठवीपर्यंत मी दहातल्या आठ पैजा मारायचो. गणितात नव्हती तेवढी गती.

शेवटी मठारकाम. घासून लकाकणाऱ्या हातोडीने ओळीने एकसारखे ठोके, प्रत्येक ठोक्याचा एक चपटा चकचकीत डाग, एकाला एक खेटून. त्याने भांडं नुसतं दिसत नाही, ताकदही येते. हल्ली मशीनवर तसे खळगे उठवलेले तांबे मिळतात. पाणी त्यातूनही पिता येतं, पण ओळ फार सरळ येते. माणसाच्या हाताची ओळ भांड्याच्या पोटाशी किंचित कलते.

अवांतर: कल्हई कोणाला आठवते का? भाता, लाल झालेलं पातेलं, नवसागराचा भपका, कथलाची कांडी टेकवली की कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवलेली चांदी, आणि पाण्यात चर्रर्र.

तळेगावलोकल

कल्हई!!! तो धूर नाकात जाऊन डोळ्यांत पाणी यायचं, तरी हलायचो नाही. आई म्हणायची, "परीक्षेला बस की अशी एका जागी."

बाभूळबन

कल्हईसाठी आणखी एक +१.

पायताण

आता कोल्हापूरचं ऐका. सगळी साडी नि भांडी चालल्यात, पायाकडं कोण बघतंय?

आमच्या गल्लीत कोल्हापुरी करत्यात. बाभळीची साल नि हिरडा घालून कमावलेलं चामडं, त्याला खिळा नाही, चामड्याचीच वादी. तळाचे पदर एकावर एक ठेवून कडेनं टीप घालत्यात. वेणी बारीक असंल तर ती घालायला घरातल्या बाईचा हात लागतोय. नाव गड्याचं, वेणी बाईची. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकनाचा टॅग) मिळालं, महाराष्ट्राचे चार जिल्हे नि कर्नाटकाचे चार. आमी नि बेळगाववाले एकाच टॅगमधी, हे बाकी कुठं झालं नाही बघा.

आणि २०२५ च्या जूनला मिलानमधी प्राडा नावाच्या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल चालवली, कोल्हापूरचं नाव न घेता. दंगा झाल्यावर मग कबूल केलं. त्यांनीबी कौतुकच केलं म्हणायचं की! बघितलं, आवडलं, उचललं. म्हणून इचारतो, ह्या कौतुकाला काय म्हणायचं?

खरडपट्टी

याला मार्केटिंग म्हणायचं. त्या आठवड्यात कोल्हापुरीचा जेवढा गवगवा झाला तेवढा आपल्या सगळ्या महामंडळांनी मिळून केला नसेल.

पायताण

गवगवा झाला भावा, खरं आहे. पर नाव पहिल्या दिवशी घ्यायला काय झालतं? लग्नात जेवून गेला नि नवरीचं नाव इचारलं नाही, त्यातली गत.

मुकाखांब

पायताण यांच्या शेवटच्या वाक्याला माझं सगळं टेबल बक्षीस.

खरडपट्टी

घ्या. सगळे एका बाजूला झाले. मी गप्प बसतो. (आईची क्रोशाची टीव्हीवरची झालर माझ्याकडे अजून आहे. टीव्ही भिंतीवर गेला, झालर कुठे घालायची ते सुचवा.)

तळेगावलोकल

राउटरवर.

अज्ञातकोपरा

ज्यांना "नुसतं बघणं" कमी दर्जाचं वाटतं त्यांनी पुण्याचं केळकर संग्रहालय एकदा नीट बघावं. दिनकर गंगाधर केळकर, "अज्ञातवासी" नावाने कविता करायचे. ते ना तांबट, ना सुतार, ना विणकर. १९२० च्या आसपास जुन्या वस्तू गोळा करायला लागले आणि थांबलेच नाहीत. अडकित्ते, वज्री, दिवे, फण्या, कुंकवाचे करंडे, शेवयांचे साचे, दाराच्या चौकटी. सगळं रोजच्या वापरातलं, कोणाचं नाव नसलेलं. मुलगा राजा लहानपणी गेला, त्याचं नाव संग्रहाला दिलं. १९७५ साली सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत.

मी दर वेळी अडकित्त्यांपाशी अडकतो. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. पण कोणा लोहाराला त्याची राघू-मैना करावीशी वाटली, कोणाला घोडा, कोणाला आलिंगन दिलेलं जोडपं. दांडे मिटले की जवळ येतात, उघडले की दूर. त्या लोहाराचं नाव गेलं. पण ते बघून थबकणारा एक माणूस निघाला नसता, तर अडकित्ताही मोडीत गेला असता.

फुजीदर्शन

टोकियोतून हजेरी. अज्ञातकोपरा यांनी लिहिलं त्याला इथे एक जोड आहे. यानागी सोएत्सु म्हणून होते. ते कुंभार नव्हते, धर्म-तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. त्यांना कोरियातली साधी, निनावी कारागिरांची मातीची भांडी आवडली, तिथून सुरुवात. लोकांच्या वापरातल्या हस्तकलेसाठी "मिंगेई" हा शब्द त्यांनी आणि त्यांच्या कुंभार मित्रांनी रुजवला. १९३६ साली टोकियोत संग्रहालय उघडलं, ते अजून आहे. मी गेलो तेव्हा भाताचे वाडगे बघून घरची आठवण आली, आणि मग जाणवलं की आजीच्या दगडी खलाकडे मी कधी असं बघितलंच नव्हतं. तो आता कुठे आहे देव जाणे. काकाने बहुतेक बागेत ठेवलाय.

खर्जातलासा

शीर्षकात कानसेन आहे म्हणून आलो, तर गाण्याचं वाद्य कोणी काढलंच नाही!

मिरजेला सतारमेकर गल्लीत जा. पूर्वी ही शिकलगार मंडळी हत्यारांना धार लावायची. हत्यारं गेली, तोच हात तंबोऱ्यावर बसला. सोलापूर-पंढरपूरकडचे मोठे भोपळे वाळवून आणतात. कडू भोपळा हं, भाजीचा नव्हे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मिळालं.

मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. पण माझा तानपुरा आहे. हसू नका. गुरुवारी संध्याकाळी लावतो आणि छेडत बसतो, बस. दोन वर्षांनी जवारी गेली म्हणून मिरजेला घेऊन गेलो. जवारी म्हणजे घोडीचा (ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा) पृष्ठभाग आणि तार यांचं नातं. तार घोडीवर नुसती टेकत नाही, तिथे थरथरत घासते, त्यातून ती गुंजन निघते. कारागीर कानसने घोडीवर एकदाच हात फिरवणार, तार चढवणार, छेडणार, तार उतरवणार, परत एक हात. असं बारा-पंधरा वेळा. मग तारेखाली सुताचा धागा सरकवणार, नखाएवढा इकडे, नखाएवढा तिकडे. आणि एका जागी तो आवाज एकदम फुलतो. कळी उमलताना दिसत नाही, पण ही ऐकू येते.

त्यांना विचारलं, तुम्ही गाता का? म्हणाले, नाही, आम्ही ऐकतो.

डोळसेन

संपलं. आयडी परत बदलावा लागणार.

तळकोकण

सावंतवाडीक येवा. चितार आळीत लाकडी फळां बघूक मिळतली, केळां हातात घेतलास तर सोलूक जाशात. (आता प्रमाण मराठीत, नाहीतर अर्धे लोक पळतील.)

माझा जीव गंजिफावर. हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा. बारा दाहे एकशेवीस पत्ते. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्मात कासवं. ही कला जवळजवळ संपली होती. राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांना बसवून ती परत उभी केली. आजही राजवाड्याच्या दालनात कारागीर रंगवताना दिसतात. पातळ कुंचल्याने दहाव्या कासवाची नखं काढत असतात, तेव्हा आपण श्वास रोखून धरतो.

माझी मजा बघा. मला रंगवता येत नाही आणि गंजिफा खेळताही येत नाही. एक छोटा संच घेतला, चार महिन्यांच्या भिशीच्या पैशातून. पावसाळ्यात दुपारी काढते, रंगवार लावते, परत भरून ठेवते. मुलगा म्हणतो, "आई, जिंकलीस का?"

डहाणूची

एक वेगळा सूर लावते. वारली चित्रं आता उशीवर, मगवर, सोसायटीच्या भिंतीवर आहेत. आमच्या भागात लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात, तांदळाच्या पिठाने. "काढतात" नाही, "लिहितात". मध्ये पालघट देवी. लिहिणाऱ्या सवाशिणी. जिव्या सोमा म्हशे पुरुष असून लिहू लागले, रोज लिहू लागले, जगभर गेले, २०११ ला पद्मश्री मिळाली. त्याचा अभिमान आहेच.

पण तो चौक कोणी कौतुक करावं म्हणून लिहिलेला नसतो. तो नसेल तर लग्न लागत नाही, इतकं साधं. लग्न झालं की धुराने काळा होतो, पोपडे पडतात, परत सारवतात. शहरातून आलेल्या पाहुण्यांना त्याची हळहळ वाटते. म्हणतात, "अहो, जपून ठेवा." आजी म्हणायची, "जपायचा काय? पुढल्या लग्नाला परत लिहू."

तेव्हा बघायला या, पण लग्नाला या.

रानजाई

डहाणूची, हा प्रतिसाद वाचून दहा मिनिटं काही टंकलं नाही.

जुनीशिवण

मी इथे फक्त वाचत असते. आज खातं उघडलं.

चाळीस वर्षं शिवणवर्ग चालवला. भरतकाम, क्रोशा, दोन सुयांचं विणकाम. पाच वर्षांपूर्वी संधिवाताने बोटं धरली. आता सुई ओवली तरी धरवत नाही. आधी कपाटाला कुलूप लावलं, कोणाचं काम डोळ्यासमोर नको म्हणून. वर्षभर तसंच होतं. मग सुनेची मैत्रीण एक टेबलक्लॉथ घेऊन आली, म्हणाली, चुकलंय कुठे ते सापडत नाही. मी चष्मा लावला आणि खांब मोजत बसले. तिसाव्या ओळीत एक साखळी जास्त होती. तेव्हापासून बघते. मुली कामं घेऊन येतात, मी बोट ठेवते, त्या उसवतात. हात त्यांचे, डोळे माझे, असा संसार चाललाय.

करत होते तेव्हा मला दुसऱ्याचं काम नीट दिसायचं नाही हो. मनात लगेच यायचं, मी असं केलं असतं. आता ते येत नाही. आता नुसतं दिसतं.

उलटीटीप, तुझा रुमाल मोठा करून बघितला. रागावू नकोस. साखळी टाक्याच्या मागे एकही गाठ नाही, दोरा टाक्यांखालून दडवून संपवलाय. काजटाका कोपऱ्यावर वळताना तीन टाके एकाच छिद्रातून गेलेत. हे सातवीतल्या मुलीचं काम नव्हे, आणि भेंडीच्या बोटांचं तर नव्हेच. फक्त उलट्या टिपेची पहिली दीड इंच ओळ तुझी आहे. तिथे कापड चुण्या पडून गोळा झालंय. बाकी रुमाल आईने केला ना?

डोळसेन

पॉपकॉर्न आणतो.

उलटीटीप (धागाकर्ती)

हो.

तीस वर्षांनी पकडली गेले, तेही ओळख ना पाळख असलेल्या माणसाकडून, फोटोवरून! बाईंना कळलं नव्हतं हो. किंवा कळलं असेल आणि एक मार्क त्याचाच कापला असेल. दीड इंच ओळ माझी, हेही शंभर टक्के खरं. तेवढ्यावर रडत बसले होते. आईने रात्री भांडी झाल्यावर पूर्ण केला. मी शेजारी बसून बघत होते. सगळा वेळ. काजटाक्याचे ते तीन टाके वळताना बघितल्याचं मला आठवतंय, आणि ते कोपऱ्यातच का, हे आज कळलं.

आईला आत्ता फोन करून सांगितलं. ती म्हणते, "त्या बाईंना विचार, मागून तरी बरा आहे का?"

जुनीशिवण

मागून पुढच्याहून बरा आहे. सांग त्यांना.

मुकाखांब

मी माझं आधीचं भांडण मागे घेत नाही, पण जुनीशिवणताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक महिन्यात एक आलं तरी मी किंमत सांगताना मान खाली घालणार नाही. कुठे असता तुम्ही?

जुनीशिवण

सांगलीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पायताण

सांगली म्हंजे आमच्या टॅगमधलाच जिल्हा की!

उलटीटीप (धागाकर्ती)

जुनीशिवणताई, धिटाई करून विचारते. तो पिवळा पायमोजा तुम्हाला पाठवू का? भाचीच्या पायात आता जाणार नाही, पण चुलत बहिणीकडे दिवाळीत पाळणा हलणार आहे. तुमच्या मुलींपैकी कोणी पुरा केला तर मजुरी मी देईन, मुकाखांब यांच्या दराने. लोकर किती लागली ते विचारणार नाही.

जुनीशिवण

पाठव. पण सुईवरून काढू नकोस, टाके सुटतील. दोन्ही टोकांना रबर लाव आणि सुईसकट पाठव. टाके मोज आणि कळव. सुईच्या डोक्यावर नंबर कोरलेला असतो, तोही सांग.

उलटीटीप (धागाकर्ती)

नंबर पुसट आहे, अकरा वाटतोय. टाके मोजले. एकदा चव्वेचाळीस आले, एकदा सेहेचाळीस.

जुनीशिवण

राहू दे. फोटो टाक, मी मोजते.